गळ टाकण्यापूर्वी : कोल्हापूरच्या तळ्यांची पारख

कोल्हापूरच्या माणसाला पाण्याचे वेड उपजतच असते, असे म्हटले तर त्यात फारशी अतिशयोक्ती होणार नाही. पंचगंगेच्या घाटावर पोहावयास शिकावे, रंकाळ्याच्या काठी संध्याकाळ घालवावी आणि सुटीच्या दिवशी गळ, दोरी व भाकरीचे गाठोडे घेऊन एखाद्या तळ्याची वाट धरावी, हा येथील पुष्कळ घरांतील परिपाठ आहे. परंतु कोणत्या तळ्यावर जावे, हा निर्णय बहुधा दोनच गोष्टींवरून होतो : तळे जवळ आहे की नाही, आणि मागे तेथे कोणाला मोठा मासा लागला होता की नाही. या दोन्ही कसोट्या अपुऱ्या आहेत. मासा पाण्यातच श्वास घेतो, पाण्यातलेच खातो आणि पाण्यात जे मिसळले असेल त्याचा काही अंश त्याच्या अंगी उतरतो. सायंकाळी तोच मासा घरच्या मुलाबाळांच्या पानात पडावयाचा असतो. तेव्हा गळ टाकण्यापूर्वी पाण्याची पारख करणे हा छंदाचा भाग तर आहेच, पण ते गृहस्थाचे कर्तव्यही आहे.

कोल्हापूर जिल्ह्याची रचना या कामी मोठी अनुकूल आहे. पश्चिमेस सह्याद्रीचा कणा, तेथून पूर्वेकडे उतरत जाणाऱ्या नद्या आणि त्यांच्यामध्ये सपाट काळी जमीन. गगनबावड्यास जेवढा पाऊस पडतो त्याच्या सुमारे दहावा हिस्साच शिरोळच्या वाट्यास येतो. त्यामुळे एकाच जिल्ह्यात तीन तऱ्हेची पाणी आढळतात. पहिली तऱ्हा शहरालगतच्या जुन्या तलावांची. रंकाळा, कळंबा, राजाराम तलाव ही त्यांतील ठळक नावे. दुसरी तऱ्हा डोंगरपायथ्याच्या धरणांची. भोगावतीवरील राधानगरी, दूधगंगेवरील काळम्मावाडी, धामोडजवळील तुळशी, वेदगंगेवरील पाटगाव ही त्यांची उदाहरणे होत. तिसरी तऱ्हा नद्यांवरील बंधाऱ्यांमागे साचणाऱ्या डोहांची. दगडी खांबांच्या खाचांत पावसाळा संपल्यावर बरगे घालावयाचे आणि पुढील पावसाळ्यापूर्वी ते काढून घ्यावयाचे, ही युक्ती या जिल्ह्यातून इतकी पसरली की अशा बंधाऱ्याला सर्वत्र ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ असेच नाव पडले.

आता या तिन्हींतून निवड कशी करावी? पहिली गोष्ट पाण्यातील प्राणवायूची. वायू थंड पाण्यात अधिक विरघळतो, ऊन पाण्यात कमी. समुद्रसपाटीवर २० अंश सेल्सिअस उष्णतेच्या एक लिटर शुद्ध पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. तेच पाणी ३० अंशांपर्यंत तापले की साडेसात मिलिग्रॅमच उरतो. चैत्र-वैशाखात उथळ तळ्यांतील मासे मलूल होतात, त्याचे एक कारण हेच. त्यातच गावाचे सांडपाणी तळ्यात उतरत असेल तर संकट दुणावते. सांडपाण्यावर शेवाळ माजते. दिवसा उन्हात ते प्राणवायू सोडते, परंतु रात्री तेच शेवाळ माशांप्रमाणे प्राणवायू ओढू लागते. सांडपाण्यातील घाण कुजतानाही प्राणवायू खर्च होतो. परिणामी पहाटेच्या सुमारास पाण्यातील प्राणवायू सर्वांत कमी असतो. अशा वेळी मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडमीट करीत असलेले दिसतात. नवशिक्याला वाटते, काय विपुल मासळी आहे! वस्तुतः ती गुदमरणाऱ्या जीवांची धडपड असते. असे तळे पाहावे आणि गळ न सोडता परत फिरावे.

रंकाळ्याची कथा या दृष्टीने बोधप्रद आहे. पश्चिम काठावर शालिनी पॅलेस, सभोवती फिरावयाचा रस्ता, समोर मावळतीचे रंग. असा रम्य तलाव क्वचितच एखाद्या शहराच्या वाट्यास येतो. परंतु भोवतालची वस्ती वाढली, तिचे सांडपाणी नाल्यांवाटे तलावात येऊ लागले. कधी केंदाळाने पाणी झाकले गेले, कधी शेवाळाने ते हिरवेगार झाले. ते निवळावे म्हणून वेळोवेळी प्रयत्न झाले आणि होतही आहेत. पण तलाव दिसावयास सुंदर असणे आणि त्यातील मासा खाण्यास योग्य असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे रंकाळ्याने कोल्हापूरकरांना शिकविले. पंचगंगेचेही तसेच. शहरांच्या वरच्या अंगाला निर्मळ असलेली नदी शहरांचे व कारखान्यांचे सांडपाणी पोटात घेऊन खाली जाते आणि उन्हाळ्यात बंधाऱ्यांपाशी मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या वार्ता पुन्हापुन्हा येतात. म्हणून बंधाऱ्याचा डोह निवडावयाचा झाल्यास तो वस्तीच्या वरच्या अंगाचा निवडावा, हा साधा नियम.

दुसरी गोष्ट अशी की, तळ्यात मासे आहेत एवढ्यावरून तळे चांगले ठरत नाही. कोणते मासे आहेत हे पाहावे लागते. मरळ हा मासा पृष्ठभागावर येऊन हवेतून श्वास घेऊ शकतो. चिलापी, जिचे शास्त्रीय वर्तुळातील नाव तिलापिया आणि जी १९५२ साली परदेशातून भारतात आणली गेली, ती गढूळ व गलिच्छ पाण्यातही तग धरते. ज्या तळ्यात गळाला फक्त चिलापीच लागते, त्या तळ्याविषयी शंका घ्यावी. उलट महसीर, ज्याला कित्येक ठिकाणी खडस म्हणतात, तो वाहत्या, निर्मळ, प्राणवायूने भरलेल्या पाण्याचा रहिवासी. दख्खनच्या या महसीराचे पहिले शास्त्रीय वर्णन विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने १८३९ साली प्रसिद्ध केले, आणि त्यासाठी घेतलेला मासा पुण्याजवळच्या मुळामुठेचा होता. आज त्या नदीची पुण्याखालील दशा पाहिली म्हणजे दोनशे वर्षांपेक्षाही कमी काळात पाणी किती पालटते, हे ध्यानात येते. महसीर कोठे आढळलाच तर त्याला पाहून आनंद मानावा आणि अलगद पाण्यात सोडून द्यावे. दुर्मिळ होत चाललेल्या जातीवर हौस भागविणे रसिकाला शोभत नाही.

पाण्याची परीक्षा घरच्या साहित्यानेही करता येते. १८६५ साली अँजेलो सेक्की या इटालियन ज्योतिर्विदाने समुद्राची पारदर्शकता मोजण्यासाठी दोरीला बांधलेली पांढरी तबकडी पाण्यात सोडली. तीच युक्ती एखाद्या पांढऱ्या बशीने साधते. बशी सावकाश खाली सोडावी व ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते पाहावे. वीतभर खोलीवरच ती हिरव्या पाण्यात लोपली, तर शेवाळ माजले आहे असे समजावे. पाणी तांबूस किंवा मातकट असेल तर तो बहुधा नुकत्याच झालेल्या पावसाचा गाळ. काही दिवसांत तो बसतो. हात-दीड हात खोलीपर्यंत बशी दिसत राहिली आणि पाण्याला कुबट वास नसला, तर तेथे बसावयास हरकत नाही.

बसावयाची जागाही विचारपूर्वक निवडावी. ओढा जेथे तळ्यास मिळतो तेथे ताजे पाणी व खाद्य येते, म्हणून मासे तिकडे ओढले जातात. झाडाची सावली, बुडालेले खडक, पाणवनस्पतींची कड ही त्यांची आवडती ठिकाणे. मोठ्या धरणात जुन्या नदीचे पात्र पाण्याखाली असते. उन्हाळ्यात पाणी ओसरले की मासे त्या खोल पात्राच्या आश्रयाला जातात. काळ्या जमिनीवरील तळ्यांच्या काठचा गाळ मात्र फसवा असतो. वरून वाळलेला दिसणारा थर पायाखाली खचतो. मुलांना बरोबर नेणाऱ्यांनी खडकाळ अथवा मुरमाड काठच पसंत करावा. धरणाच्या खालच्या बाजूस पावसाळ्यात मुळीच बसू नये. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे धरण भरताच आपोआप उघडतात आणि नदीचे पाणी पाहता पाहता चढते.

ऋतूविषयीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. पहिल्या पावसाचे नवे पाणी ओढ्यांना आले की अंड्यांनी भरलेले मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात. या चढणीच्या माशांची चव पुष्कळांना प्रिय आहे. परंतु अशी एक मादी धरली म्हणजे तिच्या पोटातील हजारो, मोठ्या जातीची असल्यास लक्षावधी, अंडी नष्ट होतात. शेतकरी बियाणे दळून खात नाही. तोच विचार येथे लागू आहे. पावसाळा सरल्यापासून फाल्गुनापर्यंतचा काळ गळासाठी उत्तम. पाणी निवळलेले असते, हवा थंड असते आणि माशांचा विणीचा हंगामही संपलेला असतो.

शेवटचा प्रश्न हक्काचा. तळे सर्वांचे, म्हणून मासाही सर्वांचा, असा पुष्कळांचा समज असतो. कटला, रोहू व मृगळ हे उत्तरेकडील मोठ्या नद्यांचे मासे. साचलेल्या तळ्यात ते सहसा वीत नाहीत. १९५७ साली ओरिसात डॉ. हिरालाल चौधरी यांनी टोचणीच्या साहाय्याने अशा माशांकडून अंडी घालविण्यात यश मिळविले आणि तेव्हापासून मत्स्यबीजाचा पुरवठा सुलभ झाला. आपल्या तलावांत हे मासे असतात ते कोणीतरी बीज सोडले म्हणून. हा कोणी बहुधा ठेका घेतलेली मच्छीमार सहकारी संस्था असते आणि त्या पाण्यावर काही कुटुंबांची चूल पेटते. तिची अनुमती घेतल्याशिवाय गळ टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या मळ्यातील कणसे मोडणे होय. कळंबा तलाव शहरास पाणी पुरविण्यासाठी बांधलेला. तेथे पाणी घाण करणारे आमिष, उष्टे वा कचरा टाकणे म्हणजे शेजाऱ्याच्या घागरीत टाकणे. राधानगरी व काळम्मावाडी या धरणांचे जलाशय तर राधानगरी अभयारण्याने वेढलेले आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभयारण्यातील जीवांना अभय दिले आहे, त्यांत मासेही आले. तेथे दुर्बीण न्यावी, गळ नेऊ नये. स्फोटके किंवा विष वापरून मासे मारण्यास तर १८९७ च्या कायद्यापासूनच बंदी आहे.

या साऱ्या कसोट्या लावल्या म्हणजे निवड बरीच आकुंचित होते, हे खरे. वस्तीच्या वर असलेले, अभयारण्याबाहेरचे, ठेकेदार संस्थेची परवानगी मिळालेले, बशीच्या परीक्षेत उतरलेले पाणी शोधावयास दोन-तीन रविवार खर्ची पडतील. पण ते वाया जाणार नाहीत. जो गृहस्थ पहाटे तळ्याकाठी उभा राहून पाण्याचा रंग, वास व माशांची हालचाल निरखतो, त्याला आपल्या गावाचा नाला कोठे उतरतो हे कळून चुकते. मासा लागो अथवा न लागो, एवढे ज्ञान घेऊन तो घरी परतला आणि नगरपालिकेला त्याविषयी दोन ओळी लिहिण्यास बसला, तर पुढेमागे त्याच्या नातवाला गळ टाकण्यासाठी फार दूर जावे लागणार नाही.