विश्लेषण : नवा प्रोसेसर, पण गिगाहर्ट्झ कमी! असे का?

डेस्कटॉप घ्यायला गेले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘किती गिगाहर्ट्झ?’ मात्र केवळ या आकड्यावर विसंबून खरेदी केली तर फसगत होऊ शकते. इंटेलच्या ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या कोअर आय९-१४९००के या चिपचा कमाल वेग ६ गिगाहर्ट्झ होता. वर्षभराने आलेल्या कोअर अल्ट्रा ९ २८५के या चिपचा वेग मात्र ५.७ गिगाहर्ट्झ आहे. नवी चिप, तरी वेग कमी कसा?

क्लॉक स्पीड म्हणजे काय?

प्रोसेसरचे काम ठरावीक ठोक्यांवर चालते. ५.७ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ५७० कोटी ठोके. मात्र जाहिरातीत दिसतो तो ‘बूस्ट’ वेग. तो मोजक्या कोअरना, तापमान आणि वीज परवानगी देईल तेवढाच वेळ मिळतो. एएमडीच्या रायझन ९ ९९५०एक्सचा बूस्ट वेग ५.७, तर बेस वेग ४.३ गिगाहर्ट्झ आहे.

वेग का वाढवत नाहीत?

वेग वाढवायचा तर व्होल्टेज वाढवावे लागते आणि मग वीजवापर व उष्णता झपाट्याने वाढते. याच अडचणीमुळे इंटेलने २००४ मध्ये ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ ची योजना गुंडाळली होती. २०२४ मध्ये इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतील काही डेस्कटॉप संगणक वारंवार बंद पडू लागले. वाढीव व्होल्टेज हे त्यामागचे कारण असल्याचे कंपनीने सांगितले, सुधारित मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली.

मग कामगिरी कशावर ठरते?

एका ठोक्यात किती काम होते, यावर. रायझन ७ ९८००एक्स३डीचा कमाल वेग जेमतेम ५.२ गिगाहर्ट्झ आहे. तरीही ९६ एमबी एल३ कॅशमुळे गेमिंगमध्ये तो ६ गिगाहर्ट्झच्या चिपला मागे टाकतो. अर्थात, कमी वेग म्हणजे चांगली चिप असेही नाही. २८५के वीज कमी खाते, पण अनेक गेममध्ये जुन्या १४९००केपेक्षा मागे पडली.

जाहीर तारखेवर विसंबावे का?

रायझन ९००० मालिका ३१ जुलै २०२४ रोजी येणार होती. ऐनवेळी गुणवत्तेचे कारण देत एएमडीने ती ८ आणि १५ ऑगस्टवर ढकलली. चिप बाजारात आल्यावरही स्वतंत्र चाचण्यांचे निकाल पाहूनच पैसे मोजलेले बरे.

खरेदीपूर्वी काय पाहाल?

सॉकेट आधी तपासा. २८५केसाठी एलजीए १८५१ सॉकेटचा नवा मदरबोर्ड लागतो. रायझन ९००० मात्र बायोस अपडेट केल्यावर जुन्या एएम५ बोर्डवरही चालतो. म्हणजेच चिपची किंमत पाहताना बोर्ड, रॅम आणि कूलरचा खर्चही जोडा. खिशाला खरी झळ तिथेच बसते.