श्रद्धा निवडता येते का?

बाहेर पाऊस कोसळत असताना ‘ऊन पडले आहे’ असे मनापासून मानणे कुणालाही जमणार नाही. तसे बोलता येईल. मानणे मात्र इच्छेच्या हुकमतीत नसते. फ्रेंच गणितज्ञ ब्लेझ पास्कल (१६२३-१६६२) याने यावर तोडगा सुचवला होता: श्रद्धा बसत नसेल, तर श्रद्धावंतांसारखे आचरण सुरू करावे, सवयीने श्रद्धाही येईल. आपल्याकडे अनेक घरांत हा सल्ला न वाचताच पाळला जातो!

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा मार्ग वेगळा होता. हिंदू म्हणून मरणार नाही, हे त्यांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात जाहीर केले. नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली ती १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. नकार एका सभेत देता आला. स्वीकाराला २१ वर्षे लागली. या काळात त्यांनी विविध धर्म अभ्यासले, ते बुद्धीच्या आणि समतेच्या कसोटीवर घासून पाहिले. निवड त्यांनी केली ती या कसोटीची. पटणे तिच्यामागून आले.

त्यांच्यासोबत दीक्षा घेणाऱ्या लाखो अनुयायांना एवढी सवड कुठून मिळणार? त्यांना दिलेल्या २२ प्रतिज्ञांत काय मानावे याबरोबरच रोज कसे वागावे हेही आहे, ते बहुधा म्हणूनच.