भिंतीच्या आतलं घर

हिनोतली ही गल्ली इतकी अरुंद आहे की समोरून गाडी आली, तर एकाला मागे सरावंच लागतं. टोकियोच्या पश्चिमेचं हे उपनगर. जवळून असाकावा नदी वाहते. रविवारची सकाळ, कुणीतरी सज्ज्यात वाळत टाकलेली गादी बडवतंय, तेवढाच आवाज. एका कुंपणाशी घर विक्रीला असल्याची पताका फडफडते आहे.

दोन मजली लाकडी घर, १९७९ सालचं, नुकतंच नवं केलेलं. माझी एक सहकारी ते बघायला आली आहे, सोबत तिची आई. दारातल्या खोलगट गेंकानमध्ये बूट काढून आम्ही वर चढतो. आत तीन खोल्यांचं एकच ऐसपैस दालन झालंय. एका कडेला स्वयंपाकाचा पांढरा ओटा. सहा तातामी चटयांची एक खोली मात्र राखली आहे. चटया नव्या, अजून हिरवट, त्यांचा गवताळ वास खोलीभर. तोकोनोमाचा, म्हणजे भिंतीतल्या सजावटीच्या कोनाड्याचा, खांब जुनाच, हात फिरून फिरून गुळगुळीत झालेला. ज्याने ही खोली मोडली नाही, त्याचे मनापासून आभार मानावेसे वाटतात. जपानमध्ये लाकडी घराचं मोल वीस-पंचवीस वर्षांत जवळजवळ शून्यावर येतं. घेणारा जमिनीचे पैसे मोजतो आणि घर पाडतो. २०२३च्या सरकारी पाहणीत देशभरात नव्वद लाख घरं रिकामी आढळली होती. त्यात हे एक पुन्हा उभं राहिलंय.

मुलगी ओट्यावरून हात फिरवते आहे. आईचं तिकडे लक्षच नाही.

“जमिनीतलं झाकण उघडता का?” ती दलालाला विचारते.

तो गुडघे टेकतो, झाकण उचलतो, खालचा साठवणीचा डबा बाहेर काढतो. आई त्याच्या हातून टॉर्च घेते आणि ओणवी होऊन आत डोकावते. उजेडात काँक्रीट दिसतं, खांबाच्या पायाशी ठोकलेल्या नव्या धातूच्या पट्ट्या दिसतात. वाळवीची फवारणी झाली आहे, असं दलाल सांगतो. ती नुसती मान हलवते.

१९९५च्या १७ जानेवारीला आई कोबेत होती. पहाटेच्या त्या भूकंपात सहा हजारांवर माणसं गेली, त्यातली बहुतेक कोसळलेल्या घरांखाली. जून १९८१मध्ये बांधकामाचे भूकंपविषयक नियम कडक झाले. त्याआधीची लाकडी घरं कोबेत जास्त पडली. हे घर त्याआधीचं. ती ओणवी का झाली, हे मला आता कळतं.

दलाल कामाची फाइल उघडतो. छायाचित्रांत भिंती सोललेल्या आहेत: खांबांमध्ये तिरकी लाकडं, कोपऱ्यांत जाड प्लायवूड. छपरावरची जड कौलं उतरवून हलका पत्रा घातलाय. खरं घर मला या पानांवर दिसतं. पांढरा ओटा काय, कुठेही मिळेल.

आई चष्मा वर सरकवते.

“मधल्या भिंती पाडल्यात. मग त्यांचं बळ कुठे दिलंत?”

दलाल बाहेरच्या भिंतींच्या फोटोंवर बोट ठेवतो. तिचं समाधान होत नाही. तो सुताराला फोन लावतो. पलीकडून आवाज येताच आई हात पुढे करते, फोन घेते आणि दक्षिणेच्या रुंद खिडकीपासून विचारायला सुरुवात करते.