मार्कर वाढला म्हणजे सगळं संपलं का?

रक्ताच्या रिपोर्टवर 'एलडीएच' या प्रथिनासमोरचा आकडा ठळक छापलेला दिसला, की मेलानोमाच्या रुग्णाच्या घरच्यांच्या पोटात गोळा येतो. त्वचेचा हा कर्करोग संख्येने कमी आढळतो, पण लवकर पसरतो. त्यामुळे त्यातल्या मार्करांविषयीचे, म्हणजे आजाराची खूण म्हणून तपासल्या जाणाऱ्या प्रथिनांविषयीचे गैरसमज महागात पडतात.

गैरसमज : सावळ्या त्वचेला मेलानोमा होत नाही.

वस्तुस्थिती : प्रमाण कमी असतं, पण होतो, तोही बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली. या जागांचा उन्हाशी फारसा संबंध नसतो. जमैकाचा गायक बॉब मार्ले याच्या पायाच्या अंगठ्यात १९७७ मध्ये मेलानोमा सापडला. १९८१ मध्ये, अवघ्या ३६व्या वर्षी तो गेला.

गैरसमज : मार्करची रक्ततपासणी केली की निदान होतं.

वस्तुस्थिती : सुरुवातीच्या मेलानोमात एलडीएच आणि एस-१००बी ही दोन्ही प्रथिनं रक्तात सहसा नॉर्मलच असतात. निदान होतं बायॉप्सीवर. काढलेल्या तुकड्याचे पातळ काप काचपट्टीवर घेऊन एस-१००, सॉक्स-१०, मेलान-ए अशा प्रथिनांसाठी रंगवतात. प्रथिन असेल तिथे रंग उमटतो. त्वचेतलं रंगद्रव्य मेलॅनिन मुळात तपकिरी, म्हणून गोंधळ टाळण्यासाठी अनेकदा लाल रंग वापरतात. मात्र साध्या तिळातही हे मार्कर रंग धरतात. पेशी कोणत्या जातीची हे ते सांगतात. ती कर्करोगाची आहे का, हे पॅथॉलॉजिस्ट पेशींची ठेवण पाहून ठरवतात.

गैरसमज : आजार पुढे कसा जाणार, हे मार्करवरच ठरतं.

वस्तुस्थिती : त्वचेपुरत्या मेलानोमात आधी पाहतात ती जाडी. अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० मध्ये दाखवलेलं हे माप आजही मिलिमीटरमध्ये मोजलं जातं. एक मिलिमीटरपर्यंतची गाठ आणि चार मिलिमीटरहून खोल गेलेली गाठ यांच्या भवितव्यात मोठा फरक असतो. वर जखम झाली आहे का, लसिका ग्रंथींत पेशी पोचल्या आहेत का, हेही पाहतात.

एलडीएचला स्टेजिंगमध्ये, म्हणजे आजाराचा टप्पा ठरवताना, स्थान मिळतं ते आजार दूरच्या अवयवांत पसरल्यावर. तेव्हा वाढलेला आकडा काळजीचा असतो. पण यकृताच्या विकारात, स्नायूंच्या इजेत, इतकंच काय, नमुन्यातल्या तांबड्या पेशी फुटल्या तरी तो वाढतो.

गैरसमज : 'पीडी-एल१ निगेटिव्ह' आलं, आता इम्युनोथेरपीचा उपयोग नाही.

वस्तुस्थिती : पीडी-एल१ हे गाठीतल्या पेशींवर तपासलं जाणारं प्रथिन, तर इम्युनोथेरपी म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध कामाला लावणारे उपचार. हे प्रथिन न सापडलेल्या रुग्णांपैकीही अनेकांना त्यांचा उपयोग होतो. त्यामुळे केवळ या एका रिपोर्टवरून उपचार नाकारत नाहीत. पूर्वी पसरलेल्या मेलानोमात निम्मे रुग्ण वर्षभरही जगत नसत. निवोलुमॅब आणि इपिलिमुमॅब ही इम्युनोथेरपीची औषधं एकत्र दिलेल्या रुग्णांच्या एका मोठ्या चाचणीत दहा वर्षांनंतर सुमारे ४३ टक्के हयात होते. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांचा मेलानोमा २०१५ मध्ये यकृत आणि मेंदूपर्यंत गेला होता. शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधानंतर ते २०२४ पर्यंत, वयाच्या शंभरीपर्यंत जगले.

तळपाय आणि नखं अधूनमधून उजेडात नीट पाहा. आकार किंवा रंग बदलणारा डाग त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. तो काढला, तर तुकडा तपासणीला पाठवल्याची खात्री करून घ्या. रिपोर्ट हाती आल्यावर पहिला प्रश्न विचारा : जाडी किती?