लाकडातले पाणी आणि छातीतला धूर

‘सुक्याबरोबर ओलेही जळते’ ही म्हण आपण वेगळ्या अर्थाने वापरतो. पण शब्दशः घेतली तरी ती खरीच आहे. ओले लाकूड जळते. मात्र जळताना त्याचा धूर किती होतो आणि तो कोणाच्या छातीत जातो, हे त्या म्हणीत सांगितलेले नाही. आजच्या लेखात त्याचा विचार करू. जळणातली ओल मोजणारे एक स्वस्त उपकरण बाजारात मिळते, ते कसे निवडावे आणि कसे वापरावे, हेही पाहू.

आरोग्याच्या सदरात लाकडाचे काय काम, असे काही वाचकांना वाटेल. पावसाळ्यात कोणत्याही खेड्यातल्या दवाखान्यात तासभर बसले, तर उत्तर आपोआप मिळते. पन्नाशीच्या बाई येतात. विडी-सिगारेटला कधी हात लावलेला नसतो. तक्रार एकच, खोकला आणि दम. चढ चढताना थांबावे लागते, पाण्याची कळशी उचलवत नाही. घरचे म्हणतात, ‘वयानुसार होतेच.’ पण हे वय नव्हे. तीस-पस्तीस वर्षे चुलीपुढे बसून, फुंकणीने फुंकून जो धूर आत गेला, त्याने श्वासनलिका कायमच्या अरुंद केलेल्या असतात. या आजाराला ‘सीओपीडी’ म्हणतात. तो पूर्ण बरा होत नाही, फक्त आटोक्यात ठेवता येतो. म्हणून तो होऊ न देणे महत्त्वाचे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. त्यांत २ लाख ३७ हजारांहून अधिक मुले पाच वर्षांच्या आतली होती. आपल्याकडे १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गॅस खेडोपाडी पोचला. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ग्रामीण भागात जेमतेम ४३ टक्के घरांत स्वच्छ इंधनावर स्वयंपाक होत होता. शिवाय गॅस आला म्हणून चूल गेली असे नाही. चहा-दूध गॅसवर, भाकरी आणि अंघोळीचे पाणी लाकडावर, अशी वाटणी आपण घरोघरी पाहतो. तेव्हा जोवर चूल आहे, तोवर तिच्यात काय घालावे हा आरोग्याचाच प्रश्न आहे.

ओले लाकूड धूर का करते?

ताजे तोडलेले लाकूड वजनाने जवळजवळ निम्मे पाणी असू शकते. पाच किलोच्या मोळीत दोन-अडीच लिटर पाणी! चूल पेटली की आधी हे पाणी वाफ होऊन जावे लागते. पातेल्यातले साधे पाणी उकळीला आणण्यास जेवढी उष्णता लागते, त्याच्या सुमारे सातपट उष्णता त्याच पाण्याची पूर्ण वाफ करण्यास लागते. म्हणजे जी आच भाकरीला मिळायची, ती लाकूड वाळवण्यातच खर्च होते.

याहून वाईट गोष्ट पुढेच आहे. लाकूड तापले की त्यातून जळणारे वायू निघतात. जाळ दिसतो तो या वायूंचा. ते पूर्ण जळण्यासाठी चूल भरपूर तापलेली असावी लागते. ओलीमुळे आच मंदावते, वायू अर्धवट जळतात आणि उरलेले सारे धूर होऊन बाहेर पडते. या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो, डांबरासारखा चिकट पदार्थ असतो आणि फुप्फुसाच्या टोकापर्यंत पोचणारे अतिसूक्ष्म कण असतात. थोडक्यात, धूर म्हणजे न जळलेले लाकूड. ते चुलीत उपयोगी पडले नाही, म्हणून छातीत गेले.

ओल्या जळणाचे आणखी दोन धोके आहेत. ते पेटत नाही म्हणून वरून रॉकेल किंवा पेट्रोल ओतले जाते आणि भडका उडून चेहरा, हात, साडी पेटते. काही घरांत प्लॅस्टिकच्या पिशव्या घालून चूल पेटवतात. त्याचा धूर तर लाकडाच्या धुरापेक्षाही घातक. कोरडे लाकूड हाताशी असेल तर या दोन्हींची गरज पडत नाही.

मीटर म्हणजे काय?

ज्यांनी सोयाबीन बाजार समितीत नेले आहे, त्यांना ‘मॉइश्चर’ हा शब्द नवा नाही. दाण्यातली ओल मोजतात आणि त्यावर भाव ठरतो. लाकडासाठीही असेच, पण वेगळे मीटर मिळते. मोबाइलएवढे उपकरण, त्याला पुढे दोन टोकदार सुया. कोरड्या लाकडातून वीज सहज जात नाही, ओल्यातून जाते. दोन सुयांमध्ये किती अडथळा आहे, हे मोजून मीटर ओलीचा आकडा दाखवते. अगदी साधे मीटर हजार रुपयांच्या आसपास मिळते.

हा टक्का कसला, हे समजून घ्यावे. पूर्ण कोरड्या लाकडाच्या वजनाच्या तुलनेत पाणी किती, ते तो सांगतो. १ किलो कोरड्या लाकडात २०० ग्रॅम पाणी असेल, तर मीटर २० दाखवील.

निवडताना काय पाहावे?

१. सुयांचेच मीटर घ्यावे. बिनसुयांचे मीटर रंधा मारलेल्या गुळगुळीत फळीसाठी असते. जळणाच्या ओबडधोबड ढलपीवर ते नीट टेकत नाही.

२. ते लाकडासाठीच आहे ना, याची खात्री करावी. धान्याचे किंवा मातीचे मीटर चालत नाही. भिंतीचीही ओल मोजणारे असेल, तर लाकडाचे बटण वेगळे असावे.

३. निदान ६ ते ३० टक्क्यांपर्यंत मोजणारे असावे. ‘९९ टक्क्यांपर्यंत मोजते’ या जाहिरातीला भुलू नये. ३० च्या पुढे कोणत्याही साध्या मीटरचा आकडा भरवशाचा नसतो. ‘लाकूड ओले आहे’ एवढाच अर्थ घ्यावा.

४. सुया बदलता याव्यात, कारण बाभळीसारख्या कठीण लाकडात त्या वाकतात. त्यांवर झाकण असावे. काही मीटरच्या झाकणातच तपासणीची सोय असते, ती असल्यास उत्तम.

५. सेलचा कप्पा स्क्रूने बंद होणारा असावा. हे डॉक्टर म्हणून मी आग्रहाने सांगतो. बटणासारखा चपटा सेल लहान मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही आतून भाजू लागते. तसे झाल्यास वाट न पाहता थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे.

वापरताना होणारी चूक

सर्वांत मोठी चूक म्हणजे लाकडाच्या बाहेरून मोजणे. बाहेरची बाजू चार उन्हांत वाळते, आतला गाभा ओलाच राहतो. मीटर वरवर टोचले तर १४ दाखवील आणि आत ३० असेल. म्हणून ढलपी मधोमध फोडावी आणि नुकत्याच उघड्या झालेल्या आतल्या बाजूला, मध्यभागी, सुया टोचाव्यात. दोन्ही सुया लाकडाच्या रेषांच्या दिशेने एका ओळीत ठेवाव्यात. हाताच्या दाबाने जातील तेवढ्याच खोल, पण घट्ट बसवाव्यात. हातोडी मारू नये. सालीवर, गाठीवर किंवा कापलेल्या टोकाला मोजू नये.

एका ढलपीवर तीन ठिकाणी मोजावे आणि रचलेल्या जळणाच्या वरून, मधून, खालून अशा चार-पाच ढलप्या तपासाव्यात. चुलीजवळ तापलेले लाकूड आधी थंड होऊ द्यावे, कारण गरम लाकूड आहे त्यापेक्षा ओले भासते. खाऱ्या पाण्यात भिजलेले लाकूडही असेच फसवते. ही मीटरे बहुधा परदेशी लाकडांवर बेतलेली असतात, त्यामुळे आपल्या आंबा-बाभळीवर आकड्यात थोडा फरक पडतो. आपल्याला दशांश नको आहे, ओले की सुके एवढेच हवे आहे.

आकडा २० च्या आत असेल तर लाकूड जाळण्यास योग्य. २० ते २५ असेल तर अजून वाळू द्यावे. २५ च्या पुढे असेल तर ते चुलीत घालूच नये. पऱ्हाट्या, तुराट्या यांना मीटर लागत नाही. वाकवल्यावर काडकन मोडली तर सुकी, वाकून पिळवटली तर ओली. गोवऱ्यांवर मीटरचा आकडा लागू पडत नाही.

मीटर नसेल तर?

मीटर प्रत्येक घराने घ्यावे असे मी म्हणत नाही. ते रोज लागतही नाही. बचत गटाने, आश्रमशाळेच्या किंवा खानावळीच्या स्वयंपाकघराने एक घेतले तर अनेकांचे काम होते. वखारीतून वजनावर लाकूड घेणाऱ्याला तर त्याचा दुहेरी फायदा आहे. निम्मे पाणी असलेले शंभर किलो लाकूड म्हणजे पन्नास किलो पाणी लाकडाच्या भावाने घेणे.

घरी एक बिनखर्ची युक्ती करता येते. उन्हाळ्यात जळण फोडून रचताना एका मध्यम ढलपीला खूण करावी आणि दर आठवड्याला तिचे वजन त्याच काट्यावर करून भिंतीवर लिहून ठेवावे. वजन उतरायचे थांबले की त्या हवेत लाकूड वाळायचे तेवढे वाळले. दोन सुक्या ढलप्या एकमेकींवर आपटल्या तर ठणठण वाजतात, ओल्या बद्द वाजतात. हा जुन्या माणसांचा ठोकताळाही चांगला आहे.

मीटर रोग दाखवते, औषध देत नाही. औषध म्हणजे वाळवणे. सालीतून पाणी फारसे निघत नाही. ते कापलेल्या टोकांतून आणि फोडलेल्या बाजूंतून निघते. म्हणून ओंडका तसाच न ठेवता मनगटाएवढ्या जाडीच्या ढलप्या कराव्यात. दगडांवर किंवा दोन ओंडक्यांवर, जमिनीपासून वीतभर उंच, मध्ये फटी ठेवून रचाव्यात. वर पत्रा असावा, बाजू उघड्या असाव्यात. चारी बाजूंनी प्लॅस्टिक गुंडाळले तर ओल आतच कोंडते. पावसाळ्यातल्या दमट हवेत सुकलेले लाकूडही पुन्हा ओल धरते आणि १८-२० टक्क्यांपर्यंत जाते. म्हणून पाटण, जावळी, महाबळेश्वरकडच्या वाचकांनी मेअखेरीस सुके जळण घरात घ्यावे. माण-खटावच्या कोरड्या हवेत हे काम सोपे आहे. तहान लागल्यावर विहीर खणू नये, तसे जुलैत जळण शोधायला निघू नये.

सुके लाकूड म्हणजे गॅस नव्हे

एक गैरसमज होऊ नये. सुक्या लाकडाने धूर कमी होतो, संपत नाही. परवडत असेल तेवढा स्वयंपाक गॅसवर करावा, निदान लहान मूल किंवा गरोदर बाई घरात असेल तर नक्कीच. चूल शक्यतो उघड्यावर किंवा खिडकीजवळ असावी, धुराडे असल्यास ते साफ ठेवावे. मूल मांडीवर घेऊन चुलीपुढे बसू नये. निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत ठेवून कधीही झोपू नये. निखाऱ्यांना धूर नसतो, पण कार्बन मोनॉक्साइड असतो, आणि त्याला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत किंवा न्हाणीघरात डोके दुखू लागले, गरगरले, तर त्या माणसाला आधी मोकळ्या हवेत आणावे आणि तातडीने दवाखान्यात न्यावे.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर धुरावर ढकलून गप्प बसू नये. क्षयासाठी थुंकी तपासून घ्यावी. चालताना दम लागत असेल तर यंत्रात फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी करून घ्यावी. श्वासातून घ्यायच्या औषधाची सवय लागते, ही समजूत चुकीची आहे. आणि खोकणाऱ्या मुलाच्या छातीकडे पूर्ण एक मिनिट पाहावे. दोन महिन्यांच्या आतले बाळ मिनिटाला ६० वेळा, वर्षाच्या आतले ५० वेळा, एक ते पाच वर्षांचे मूल ४० वेळा किंवा अधिक श्वास घेत असेल, तर तो न्यूमोनिया असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

शेवटी घरातल्या पुरुषांना एक विनंती. चुलीपुढे बहुधा बाई बसते, पण लाकूड फोडणे, उंचावर रचणे, वर पत्रा घालणे ही कामे बहुतेक घरांत पुरुषांच्या हातची आहेत. ती मेअखेर झाली, तर पुढचे चार महिने तिच्या डोळ्यांतले पाणी आणि छातीतला धूर, दोन्ही कमी होतील.