'डिसइंटरेस्टेड' आणि 'अनइंटरेस्टेड' : एक अर्थभेद

इंग्रजीतील 'डिसइंटरेस्टेड' आणि 'अनइंटरेस्टेड' हे शब्द केवळ उपसर्गाने भिन्न दिसतात. परंतु त्यांच्यातील अर्थभेदाचे मूळ 'इंटरेस्ट' या शब्दाच्या द्व्यर्थतेत आहे. 'इंटरेस्ट' म्हणजे हितसंबंध, तसेच रस किंवा आस्था. ज्याचा हितसंबंध विषयात गुंतलेला नाही तो 'डिसइंटरेस्टेड'. ज्याला विषयात रसच नाही तो 'अनइंटरेस्टेड'. न्यायाधीश पहिल्या प्रकारचा असावाच लागतो. दुसऱ्या प्रकारचा असला तर पक्षकारांचे नुकसान होते.

हा भेद आरंभापासून असाच होता असे मात्र नव्हे. सतराव्या शतकात जॉन डनच्या लेखनात 'डिसइंटरेस्टेड' हा शब्द 'रस नसलेला' या अर्थी आढळतो, तर 'अनइंटरेस्टेड' त्याच शतकात 'निःपक्षपाती' या अर्थी योजला गेला. पुढे अर्थांची अदलाबदल झाली. आज बोलीत 'डिसइंटरेस्टेड' पुन्हा 'रस नसलेला' या अर्थी सर्रास ऐकू येतो. त्यास निव्वळ अज्ञान म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. तथापि भेद पुसला गेल्यास एका महत्त्वाच्या संकल्पनेचे नाव हरवते.

ही संकल्पना समीक्षेच्या केंद्रस्थानी आहे. मॅथ्यू आर्नल्डने १८६४ मध्ये समीक्षकाकडून जी 'डिसइंटरेस्टेडनेस'ची अपेक्षा केली, ती पक्षीय व व्यावहारिक हेतूंपासून अलिप्त राहण्याची होती; साहित्याविषयी अनास्था बाळगण्याची नव्हे. उलट, अशी अलिप्तता उत्कट जिज्ञासेपोटीच साधते.

मराठी अनुवादकाला येथे 'उदासीन' हा शब्द सहज सुचतो. पण त्याचाही अर्थ पालटलेला आहे. संस्कृतात तो 'अलिप्तपणे बसलेला' असा आहे. कौटिल्याच्या राजमंडलातील 'उदासीन' राजा कोणत्याही पक्षात नसतो, पण तो समर्थ असतो. आजच्या मराठीत मात्र 'उदासीन' म्हणजे बेफिकीर किंवा खिन्न. आर्नल्डच्या समीक्षकाला 'उदासीन' म्हटल्यास वाचकापुढे साहित्याची पर्वा नसलेला मनुष्य उभा राहील.

म्हणून अनुवादकाने प्रथम नकार कशाचा आहे हे पाहावे. नकार हितसंबंधाचा असेल तर 'तटस्थ' किंवा 'निःस्वार्थ' हे शब्द संदर्भानुसार योजावेत; नकार आस्थेचा असेल तर 'रस नसलेला' असे सरळ म्हणावे. 'उदासीन' या एकाच शब्दावर दोन्ही अर्थांचा भार टाकल्यास, इंग्रजीत आज होणारा घोटाळा मराठीतही होईल.