केबल की हायड्रॉलिक? जुन्या एस्कॉर्टच्या क्लचचं गणित

ज्यांना हेडफोन लावायला जमलं नाही, त्यांच्यासाठी या एपिसोडचं हे लिखित रूप. बोललो तसंच ठेवलंय, फक्त आकडे जरा सावकाश मांडलेत. ऐकताना आकडे निसटतात, हे मला माहितीये.

आजची गाडी आहे फोर्ड एस्कॉर्ट मार्क १. ब्रिटनमध्ये १९६८ साली आली आणि त्याच वर्षी फ्रँक गार्डनरने ब्रिटिश सलून कार चॅम्पियनशिप जिंकली, त्यात एस्कॉर्ट ट्विन कॅमचा वाटा होता. पुढे १९७२ ते १९७९ सलग आठ वर्षं आरएसी रॅली एस्कॉर्टनेच मारली. आजही तिकडच्या हिस्टॉरिक रेसमध्ये या गाड्या जोरात पळतात. आणि एवढ्या नावाजलेल्या गाडीचा क्लच चालतो कशावर? तुमच्या-माझ्या बाईकसारखाच, एका केबलवर.

पेडल दाबलं की केबल ओढली जाते. केबल गिअरबॉक्सच्या तोंडाशी असलेला फोर्क ओढते, फोर्क रिलीज बेअरिंगला पुढे ढकलतो, आणि बेअरिंग प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगची फिंगर्स दाबतं. मग क्लच प्लेट सुटते. साध्या गाडीला हे पुरतं. पण रेसचं इंजिन जास्त ताकदीचं, म्हणून प्रेशर प्लेटचा स्प्रिंगही कडक. आता गंमत बघा. आतली तार जितक्या जोरात ओढाल, तितक्याच जोरात तिचं बाहेरचं आवरण फायरवॉलवर रेटलं जातं. तो पत्रा थोडा वाकतो. पेडल पूर्ण खाली गेलेलं असतं, पण त्यातली काही हालचाल पत्र्यानेच खाल्लेली असते. क्लच अर्धवटच सुटतो.

याचा फटका कुठे बसतो? स्टार्ट लाइनवर पहिला गिअर टाकून उभे आहात आणि गाडी हळूच पुढे सरकते. जंप स्टार्ट, म्हणजे पेनल्टी. किंवा वळणाआधी तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना कर्रर्र आवाज. तो आवाज गिअरबॉक्सचा असतो, आणि गिअरबॉक्सचं बिल क्लचपेक्षा खूप मोठं असतं.

म्हणून लोक हायड्रॉलिककडे वळतात. त्याचे दोन रस्ते आहेत. एक, फोर्क तसाच ठेवायचा आणि केबलच्या जागी बाहेरून स्लेव्ह सिलिंडर लावायचा. दोन, फोर्क काढूनच टाकायचा आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टभोवती गोल सिलिंडर बसवायचा, ज्याच्या तोंडावरच बेअरिंग असतं. याला कॉन्सेंट्रिक स्लेव्ह म्हणतात. दुसरा दिसायला भारी, सुटसुटीत, आणि बेअरिंगवर सरळ दाब देतो. तरीही मला विचाराल तर, फोर्कला जागा आणि जोर असेल तर पहिलाच बरा. कारण सोपं आहे: बाहेरचा सिलिंडर गळला तर पिटमध्ये बदलता येतो. आतला गळला तर गिअरबॉक्स उतरवा, शिवाय तेल क्लच प्लेटवर सांडलेलं असेल ते वेगळंच.

तरी कॉन्सेंट्रिकच घ्यायचा ठरला, तर खरा खेळ मास्टर सिलिंडरच्या मापाचा. समजा स्लेव्हचं क्षेत्रफळ ८ चौरस सेंटिमीटर आहे आणि मास्टरचा पिस्टन २५ मिलिमीटर सरकतो. मास्टर १६ मिमीचा असेल तर साधारण ५ घन सेंटिमीटर तेल ढकललं जातं आणि बेअरिंग ६.३ मिमी सरकतं. १९ मिमीचा घेतला तर तेच ८.९ मिमी होतं. आता तुमच्या क्लचला पूर्ण सुटायला साडेसात मिमी लागतात असं धरू. १६ चा कमी पडला, गिअर घासणार. १९ चा जास्त झाला, फिंगर्स नको तितकी दाबली जाणार आणि प्रेशर प्लेट बिघडणार. वर पेडल १६ च्या तुलनेत सुमारे ४० टक्के जड. मधला १७.८ मिमीचा, म्हणजे ०.७ इंची, ७.८ मिमी देतो. हाच घ्यायचा. "मोठा सिलिंडर म्हणजे जास्त पॉवर" हा समज इथे सपशेल उलटा पडतो.

आणि पेडलखाली स्टॉप लावायचाच लावायचा. बोल्ट आणि लॉकनट, एवढंच काम. रेसमध्ये पाय भान ठेवून दाबत नाही. स्टॉप नसेल तर पिस्टन मर्यादेपलीकडे जाऊन सील सोडू शकतो.

आता एक गोष्ट जी मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटते. क्लच प्लेट झिजते तशी फिंगर्स गिअरबॉक्सच्या दिशेने मागे येतात, पुढे जात नाहीत. केबलमध्ये त्यामुळे पेडलचा फ्री प्ले कमी होत जातो आणि तो हाताने परत सेट करावा लागतो. हायड्रॉलिकमध्ये बेअरिंग मागे ढकललं जातं, जास्तीचं तेल टाकीत परत जातं, म्हणजे ॲडजस्टमेंट आपोआप. पण बेअरिंगला मागे सरकायला जागा शिल्लक पाहिजे! म्हणून जोडण्याआधी दोन मापं घ्यायची: बेल हाउसिंगच्या मागच्या कडेपासून फिंगर्सपर्यंत, आणि गिअरबॉक्सच्या ज्या तोंडावर ती कड बसते तिथून, पूर्ण मागे दाबलेल्या बेअरिंगच्या टोकापर्यंत. दोन्हींतला फरक म्हणजे तुमची गॅप. ती किती हवी, हा आकडा बेअरिंग बनवणाऱ्याच्या कागदावर असतो. साधारण ३-४ मिमीच्या आसपास. कमी भरली तर स्लेव्हच्या मागे शिम घालून भागत नाही, त्याने गॅप आणखी घटते. जास्त भरली तर मात्र शिम चालते.

खर्च करण्याआधी नियमही बघा. एफआयएच्या हिस्टॉरिक रेसना अपेंडिक्स के लागू होतं आणि गाडी तिच्या काळात होती तशीच असावी लागते. होमोलोगेशनच्या कागदात हायड्रॉलिक नसेल तर स्क्रुटिनीत अडकाल. क्लब रेसचे नियम वेगळे असतात, आयोजकांना आधी लेखी विचारा.

शेवटचं: तेलाची नळी एक्झॉस्टपासून लांब न्या, नाहीतर तेल उकळून त्यात वाफ होते आणि पेडल मऊ पडतं. हवा काढायची नळीही बेल हाउसिंगच्या बाहेर आणून ठेवा, गिअरबॉक्स चढवायच्या आधीच.

पुढच्या भागात पेडल बॉक्स. भेटूच!